काकांच्या बोटीचा हिवाळा

ज्या शहरात पंखा बंद केला की लगेच सदरा अंगाला चिकटतो, त्या शहरात दर वर्षी न चुकता हिवाळ्याची तयारी करणारे एक गृहस्थ मला माहीत होते. सेरंगूनला त्यांच्या फ्लॅटमध्ये मी एक खोली भाड्याने घेऊन राहत असे. त्यांना हसायचा मला खरं तर काही अधिकार नाही, कारण मी स्वतः सिंगापूरच्या विमानतळावर उतरलो तो स्वेटर घालून. परदेश म्हणजे थंडी, अशी आमच्या घरी ठाम समजूत होती. आईने स्वेटर विणला, मामांनी कानटोपी आणली आणि वडिलांनी, जे आमच्या तालुक्याच्या शाळेत शिपाई होते, थेट हेडमास्तरांनाच विचारलं. हेडमास्तर जरा वेळ विचार करून म्हणाले, "असू द्या बरोबर."

बोर्डाच्या परीक्षेत मला भूगोलात चांगले मार्क होते. सिंगापूर विषुववृत्ताजवळ आहे, असं मी उत्तरपत्रिकेत स्वच्छ अक्षरात लिहिलेलंही असणार. पण उत्तरपत्रिकेत लिहिलेली गोष्ट जगात खरोखर तशीच असते, हे मी तोवर मनावर घेतलं नव्हतं.

काकांनी दार उघडलं आणि घामाने निथळणाऱ्या मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हसले नाहीत. स्वेटरची बाही चिमटीत धरून म्हणाले, "हाताने विणलेला? चांगला आहे." मग आत वळून गरजले, "अगं, आला बघ तो मुलगा. तयारीनिशी आलाय!"

काका जहाजावरचे निवृत्त चीफ इंजिनिअर. उंची बेताची, पण आवाज इंजिन-रूममध्ये घडलेला, त्यामुळे 'मीठ दे' हेसुद्धा वरच्या डेकवरच्या माणसाला दिलेल्या हुकमासारखं ऐकू यायचं. घरात गाडी नव्हती. सिंगापुरात गाडी ठेवणं कुणाला परवडतं? पण काकांकडे बोट होती. फायबरची, चार माणसं दाटीवाटीने बसतील एवढी, मागच्या बाजूला इंजिन टांगलेलं. चांगीच्या बाजूला बोटी ठेवायचं एक यार्ड होतं, तिथे ती असायची. आधी बस, मग एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, मग पुन्हा बस करून बोट चालवायला जाणारं कुटुंब मी पहिल्यांदाच पाहत होतो. तसा समुद्रही पहिल्यांदाच पाहत होतो. विमानाच्या खिडकीतून तो दिसला तेव्हा मी शेजारच्या माणसाला विचारलं होतं, "हे कुठलं धरण?"

त्या बोटीच्या इंजिनाबरोबर कंपनीचं एक माहितीपुस्तक आलं होतं. त्यात शेवटी एक प्रकरण होतं, हिवाळ्यात बोट बंद करून कशी ठेवावी याचं. यार्डातल्या बाकीच्या बोटवाल्यांनी ते पान कधी उघडलंही नसेल. काका मात्र दिवाळी झाली की ते पुस्तक काढायचे, चष्मा पुसायचे आणि जाहीर करायचे, "आला हिवाळा."

"काका, पण इथे हिवाळा नसतोच ना," मी पहिल्या वर्षी म्हणालो. मला वाटलं, त्यांना कुणीतरी हे सांगायला हवं.

"कंपनीने हे पान उगाच छापलं का? कागद फुकट येतो?"

"ते थंड देशांसाठी आहे. तापमान शून्याखाली गेलं तर..."

"उद्या गेलं तर? तू देणार इंजिन भरून?" मग माझी कीव येऊन जरा मऊ आवाजात, "हे बघ डॉक्टर. पुस्तक लिहिणारा मूर्ख नसतो. वाचणाऱ्याबद्दल तसं सांगता येत नाही."

ते मला डॉक्टर म्हणायचे. मी इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक होतो, धातू गंजतात कसे यावर माझी पीएचडी. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला, त्यामुळे 'डॉक्टर' ऐकलं की मी उगाच ताठ बसायचो. काकांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "तू गंजाच्या बाजूचा की विरोधातला?" मी त्यांना मोठ्या तळमळीने सांगितलं की संशोधक तटस्थ असतो. काकूंना उचकी लागेपर्यंत हसू आलं.

काकांच्या हिवाळ्यामागे एक गोष्ट होती. ती ते दर वर्षी थोडी बदलून सांगायचे. तरुणपणी त्यांचं जहाज उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड बंदरात दुरुस्तीला अडकलं आणि अख्खा हिवाळा तिथेच गेला. त्या गावात घरटी एक लहान बोट. बर्फ पडायच्या आधी सगळं गाव आपापली बोट बाहेर काढून धुतं, तेल घालतं, पांघरूण घालतं. मग काही महिने बोटीचं नावही कुणी काढत नाही. आणि बर्फ वितळला की सगळं गाव एकदम पांघरुणं काढतं. "अरे, काय चेहरे असतात त्या दिवशी माणसांचे!" काका म्हणायचे. "आपण लोक कशालाच झोपवत नाही. मिक्सर जळेपर्यंत चालवायचा. माणूस पडेपर्यंत चालवायचा. आणि मग म्हणायचं, अचानक गेला."

हे तत्त्वज्ञान बोटीपुरतं राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण हिवाळा आला की तो घरभर यायचा. हॉलमधल्या पंख्याला सक्तीची विश्रांती मिळायची. मिक्सर फडक्यात गुंडाळून कपाटावर. एकदा त्यांनी फ्रिजला सुट्टी दिली. त्यात असलेलं सगळं आदल्या दिवशी संपवायचं ठरलं आणि आम्ही तिघांनी एका बैठकीत श्रीखंड, कालची भाजी, इडलीचं पीठ आणि शेजारणीने ठेवायला दिलेला तिचा केक असा सगळा माल पोटात साठवला. केक शेजारणीचा आहे हे मला माहीत होतं. पण वाढलेलं टाकायचं नाही, या संस्काराला जागून मी तोही संपवला. दुसऱ्या दिवशी शेजारीण केक न्यायला आली. काकू म्हणाल्या, "आमच्याकडे हिवाळा होता हो," आणि तिला बेकरीत घेऊन गेल्या.

लिटिल इंडियात एक मोठं दुकान आहे, दिवसरात्र उघडं असतं. तिथे तांदूळ घ्यायला गेलो की काका गल्ल्यावरच्या पोरीला विचारायचे, "व्हेन यू क्लोज?"

"नेव्हर क्लोज, अंकल."

"नॉट इव्हन वन डे?"

"नेव्हर, अंकल."

काका दुकानाच्या भिंतीवर हलकेच थोपटायचे आणि आजाऱ्याला भेटून आल्यासारखे गप्पगप्प बसस्टॉपवर यायचे.

मलाही ते सोडायचे नाहीत. मी शनिवार-रविवार लॅबमध्ये जायचो. घरी पैसे पाठवतो, संधी मिळाली आहे, ती वाया घालवायची नाही, असं माझं चाललेलं असायचं. एकदा ते म्हणाले, "तुझा हिवाळा कधी?"

"मला नको काका, मी दमत नाही."

"इंजिनही असंच म्हणतं," ते म्हणाले. "आणि मग समुद्राच्या मधोमध सांगतं."

पहिल्या वर्षी त्यांनी मला मदतीला नेलं तो प्रसंग यार्डात पुढे बराच काळ सांगितला गेला. मी घरूनच ठरवून गेलो होतो की सुरक्षेत कसूर करायची नाही. पोचल्याबरोबर मी लाइफ जॅकेट घातलं, सगळे पट्टे आवळले, शिट्टी तोंडाशी येते की नाही ते पाहिलं. बोट त्या वेळी सिमेंटच्या जमिनीवर लोखंडी स्टँडवर ठेवलेली होती. पाणी पार पलीकडे होतं. यार्डात एक वयस्क चिनी फोर्कलिफ्टवाला होता; तो आणि काका एकमेकांना 'बॉस' म्हणायचे. त्याने मला एक प्रदक्षिणा घातली.

"बॉस, युअर फ्रेंड स्केअर्ड ऑफ व्हॉट?"

"विंटर," काका म्हणाले.

"वा, विंटर कम अलरेडी आ?" तो आकाशाकडे बघून म्हणाला. ऊन असं होतं की बोटीच्या कडेला हात लागला तर चटका बसत होता. "ओके लाह. आय गो वेअर जॅकेट."

मग काका कामाला लागले आणि त्यांच्या हिवाळ्याला मनातून हसणारे आम्ही दोघंही नकळत गप्प झालो. आधी इंजिनाच्या खालच्या अंगाला, जिथून ते समुद्राचं पाणी ओढून घेतं, तिथे रबराच्या दोन वाट्या दोन्ही बाजूंनी बसवायच्या. त्यांना नळाचा पाइप जोडायचा. काका त्याला इंजिनाची कानटोपी म्हणायचे. मग इंजिन सुरू करून गोडं पाणी त्याच्या पोटातून खेळवायचं, आतलं सगळं मीठ निघून जाईपर्यंत. "कुलदेवाला अंघोळ घालतात ना, तसं. घाई करायची नाही." मग खालचा स्क्रू काढून गिअरचं तेल भांड्यात घ्यायचं. ते बोटांवर चोळून बघायचं. ताकासारखं पांढुरकं झालं असेल तर आत पाणी शिरलंय, काळं असेल तर ठीक. मग पेट्रोलची टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे रिकाम्या जागेत दमट हवा राहत नाही. सगळ्यात शेवटी, चालू इंजिनाच्या नाकात एका डब्यातून तेलाचा फवारा मारायचा.

तो फवारा त्यांनी माझ्या हातात दिला. "मार."

मी मारला. इंजिनाने एक ठसका दिला, पांढऱ्या धुराचा लोट माझ्या तोंडावर सोडला आणि बंद पडलं. मी डबा टाकून मागे पळालो आणि ओरडलो, "काका, मेलं! माझ्या हातून मेलं!"

"मेलं नाही," काका धुरातून म्हणाले. "झोपलं. असंच झोपतं ते."

लाइफ जॅकेटमुळे मी पडलो तरी मला लागलं नाही, हे इथे नमूद करायला हवं.

असे तीन हिवाळे गेले. चौथ्या वर्षी पावसाळी हवा सुरू व्हायच्या सुमाराला काका बोट धक्क्याला लावताना शेजारच्या बोटीवर आदळले. बोटीला फारसं काही झालं नाही. पण काका तसे आदळणाऱ्यांतले नव्हते. काकू त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. काचबिंदू निघाला. समोरचं नीट दिसत होतं, पण कडेचं दिसणं हळूहळू कधी गेलं ते त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. नळीतून पाहावं तसं ते जग पाहत होते. डॉक्टरांनी थेंब दिले आणि सांगितलं, आता बोट चालवायची नाही.

दोन दिवसांनी मी चहा करत असताना काकू ओट्याशी आल्या. आधी गॅस पुसला, मग पुसलेला पुन्हा पुसला.

"तुझं ऐकतील ते."

"माझं? माझं तर इंजिनही ऐकत नाही, काकू."

"चेष्टा नको. ती बोट विकायला लाव. ती तिथे उभी असली की हे जाणार. मला म्हणतील, नुसता बसून येतो. आणि बसणार नाहीत, चावी फिरवणार. एकटे. पाण्यावर." त्यांचा आवाज अडकला. काकू आसपासच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायच्या. त्यांचा आवाज अडकलेला मी कधी ऐकला नव्हता. "तू डॉक्टर आहेस गंजाचा. सांग त्यांना, बोट गंजली म्हणून."

"फायबर गंजत नाही, काकू."

"मग काय उपयोग तुझा?"



तरी मी शब्द दिला आणि हिवाळ्याच्या तयारीला काकांबरोबर गेलो. मनात भाषण पाठ केलं होतं. सुरुवात 'काका, मी लहान तोंडी मोठा घास घेतोय' अशी होती. पण काका त्या दिवशी सगळं काम हाताने चाचपून करत होते. स्क्रू शोधताना बोटं आधी पुढे जायची, मग मान वळायची, मग डोळे. पाना खाली पडला तर तो पायाशीच असायचा आणि त्यांना दिसायचा नाही. मी उचलून द्यायचो, आणि ते 'हं' म्हणून घ्यायचे, जणू तो नेहमी माझ्याच हातात असतो. माझं भाषण राहूनच गेलं. ताडपत्री बांधून झाल्यावर तेच म्हणाले, "तिने पाठवलंय ना तुला?"

"हो," मी म्हणालो. मला खोटं बोलता येत नाही. बोललो तर कान लाल होतात.

"विकीन. का नाही विकणार? पण जो हिवाळा करील त्यालाच."

जाहिरात मीच टाकली. पहिला आला तो तांजोंग पगारच्या एका ऑफिसातला तरुण, डोक्यावर काळा चष्मा चढवलेला. बोट त्याला आवडली. काकांनी त्याची मुलाखत घ्यायला सुरुवात केली.

"इन विंटर, व्हॉट विल यू डू?"

तो माझ्याकडे बघून हसला. "अंकल, सिंगापूर व्हेअर गॉट विंटर? आय यूज होल इयर लाह."

"नॉट फॉर सेल," काका म्हणाले आणि ताडपत्रीची गाठ पुन्हा आवळली.

दुसरा बिचारा काकांना खूश करायला म्हणाला की तो दर आठवड्याला बोट काढील, एकही रविवार सोडणार नाही. त्याला तर त्यांनी बोटीला हातही लावू दिला नाही. तिसऱ्याला मी आधीच फोनवर उत्तर पढवून ठेवलं होतं. तो आला आणि शाळेतल्या पोरासारखं धडाधड म्हणाला, "फ्लश, ऑइल, फुल टँक, कव्हर." काकांनी माझे कान बघितले. झालं. गेला तोही.

त्या रात्री जेवताना काकूंनी ताटात वाटी आपटली. "म्हणजे विकायची नाही, असंच ना? सरळ सांगा."

"विकायची. पण गिऱ्हाईक नाही."

"मग चालवणार कोण?"

काकांनी भाताचा घास उचलला आणि तो माझ्याकडे रोखला. "हा."

मला नाही म्हणता येत नाही. हा माझा गुण म्हणून आमच्या गावात ओळखला जातो. शिवाय चौथ्या मजल्यावरच्या त्या घराने मला तीन वर्षं पोळी-भाजी दिली होती, आजारपणात पेज दिली होती. मी म्हणालो, "परवाना काढतो." पोहता येत नव्हतं. आमच्याकडे विहिरीत पाणी असायचं तेव्हा माझी परीक्षा असायची, आणि परीक्षा नसायची तेव्हा विहिरीत पाणी नसायचं.

लहान मोटरबोट चालवायच्या परवान्याला आधी लेखी परीक्षा असते. लेखी परीक्षा म्हटल्यावर माझ्या अंगात वारं शिरलं. मी नियमांचं पुस्तक आणलं, रंगीत पेनांनी रेघा मारल्या, लाल दिवा डावीकडे, हिरवा उजवीकडे असं घोकत एमआरटीत उभा राहू लागलो. रोज संध्याकाळी काकू मेथी निवडत माझी तोंडी घ्यायच्या.

"समोरून बोट आली तर?"

"दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं."

"का?"

"पुस्तकात आहे."

"पाठ करू नकोस रे, समजून घे. हे बघ," असं म्हणून त्या मेथीच्या काड्यांच्या दोन बोटी करून टेबलावर फिरवायच्या. पलीकडे काका टीव्हीकडे तोंड करून बसलेले असायचे. टीव्ही बंद असायचा.

लेखीत मी जवळजवळ पैकीच्या पैकी घेतले. घरी फोन करून सांगितलं. वडिलांनी पेढे वाटले. मुलगा कॅप्टन झाला म्हणून त्यांनी शाळेत नेमकं काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.

मग झाली प्रत्यक्ष परीक्षा. तीत एक भाग असतो. माणूस पाण्यात पडला असं समजून एक तरंगणारा पुतळा टाकतात. बोट वळवून हळूहळू त्याच्याजवळ न्यायची, इंजिन थांबवायचं आणि त्याला उचलून घ्यायचं. परीक्षकाने पुतळा टाकला आणि ओरडला, "मॅन ओव्हरबोर्ड!" आता माणूस बुडतोय म्हटल्यावर हळूहळू कसं जायचं? माझ्याच्याने राहवेना. मी पूर्ण वेगाने त्याला वाचवायला निघालो आणि त्याच्या अंगावरून गेलो. खालून धप्प आवाज आला. मी इंजिन सोडून मागे वाकलो आणि मराठीत म्हणालो, "लागलं का हो?"

परीक्षकाने पाण्यात वाकून पाहिलं. मग शांतपणे म्हणाला, "यू किल हिम अलरेडी."

घरी येऊन मी ही बातमी दिली तेव्हा काकूंच्या खांद्याला योगाच्या क्लासची पिशवी होती. त्या आठवड्यातून दोनदा दुपारी योगाला जायला लागल्या होत्या. काका सोफ्यावर होते. माझं ऐकून त्यांनी नुसती मान हलवली, आणि त्या मान हलवण्यात असं काही होतं की पुतळ्याऐवजी मीच बुडालो असतो तर बरं, असं मला वाटलं. बोट चालवणारं आता कुणी उरलं नव्हतं. "टाक पुन्हा जाहिरात," ते म्हणाले. "कुणीही येऊ दे. मुलाखत नाही घेत आता."

काकू त्यांच्या जवळून पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे निघाल्या. काकांनी नाक वर केलं.

"तुझा योगा पेट्रोलवर चालतो का गं?"

काकू थांबल्या. पिशवी सोफ्यावर ठेवली, तिच्यातून पाकीट काढलं, पाकिटातून कार्ड काढलं आणि काकांच्या अगदी नाकासमोर धरलं, जिथे त्यांना दिसतं तिथे.

"आज पास झाले. म्हणे 'व्हेरी गुड, आंटी.'"

मी आ वासून बघत होतो. "काकू, तो पुतळा?"

"त्यात काय अवघड? आपण घाई करायची नाही. वारा कुठून येतोय ते बघायचं, बाजूने जायचं, जवळ आलं की गप्प व्हायचं." त्यांनी काकांकडे पाहिलं. "इतकी वर्षं घरात तेच तर करतेय."

"तू?" काका म्हणाले. "तू तर बोटीला सवत म्हणायचीस."

"म्हणतेच. पण सवत जर घरात राहणारच असेल, तर तिच्या किल्ल्या माझ्याकडे हव्यात."

"विकायला लाव म्हणून याच्या मागे लागली होतीस ना?"

"तुम्ही एकटे जाल म्हणून. बोटीचं माझं काय वाकडं आहे?"

काका बराच वेळ ते कार्ड मागेपुढे करत बसले. आयुष्यभर ते इंजिन सांभाळत आले होते, आणि शेजारच्या सीटवर बसून जाणं त्यांना कधी ठाऊक नव्हतं. आता ते शिकावं लागणार, हे मान्य करणं त्यांना जड जात होतं. शेवटी घसा खाकरून, मुलाखतीच्या आवाजात ते म्हणाले, "हिवाळ्यात काय करशील?"

"हिवाळ्यात तुम्ही सांगाल ते," काकू म्हणाल्या. "उन्हाळ्यात मात्र मी सांगेन ते."

काकांनी कार्ड परत दिलं. म्हणाले, "जाहिरात टाकू नकोस रे."

मार्चच्या सुरुवातीला पाऊस ओसरला आणि काकांनी वसंत जाहीर केला. आम्ही तिघं यार्डात गेलो. ताडपत्री काढली, बॅटरी जोडली, नवे स्पार्क प्लग काकांनी चाचपून घट्ट केले. फोर्कलिफ्टवाल्याने बोट उचलून अलगद पाण्यात सोडली आणि काकूंना कडक सलाम ठोकला. "मॉर्निंग, कॅप्टन!"

काकू सलवार-कमीजवर लाइफ जॅकेट चढवून चाकाशी बसल्या. काका सवयीने त्याच जागेकडे निघाले होते. त्या म्हणाल्या, "इकडे," आणि त्यांचा हात धरून शेजारच्या सीटवर बसवलं. काकांना तिथे हात कुठे ठेवावेत तेच कळेना. आधी मांडीवर ठेवले, मग सीटच्या कडेला, मग पुन्हा मांडीवर.

"चावी फिरवायच्या आधी दोन मिनिटं..." ते सुरू झाले.

काकूंनी चावी फिरवली. इंजिनाने एकच ठसका दिला, थोडा पांढरा धूर सोडला आणि जागं झालं.

"लगेच गिअर नको! गरम होऊ दे. आणि उजवीकडे बघ, मला कडेचं दिसत नाही, तूच बघ. बॉस, दोर! अरे डॉक्टर, दोर सोड!"

मी धक्क्यावर एका हातात तिघांच्या जेवणाचा डबा आणि दुसऱ्या हातात दोर धरून उभा होतो. दोर सोडून आत उडी मारायची, की आत उडी मारून मग दोर सोडायचा, याचा मी पुस्तकातल्या क्रमाने विचार करत होतो. तो विचार पूर्ण व्हायच्या आत दोर हातातून सुटला आणि आमच्यात हातभर पाणी आलं, मग पुरुषभर. जेवणाचा डबा माझ्याच हातात राहिला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

बोट हळूहळू बाहेर निघाली. काका समुद्राकडे बघत नव्हते. मान पूर्ण वळवून ते काकूंकडे बघत होते, कारण आता त्यांच्या नजरेत एका वेळी एवढंच मावत होतं. हातवारे करून काहीतरी सांगत होते. वेग, वारा, दिवे, काय असेल ते. काकूंनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग समोर बघत, शांतपणे, वेगाचा दांडा पुढे सारला आणि इंजिनाच्या आवाजात काकांचा आवाज पहिल्यांदाच बुडाला.